नळदुर्ग ते नाशिक : लागलेला निकाल पुन्हा तपासायचा कुणी?

१८२० च्या दशकाच्या अखेरीस तुळजापुरात एक तरुण इंग्रज अधिकारी मुक्कामाला होता. नाव फिलिप मेडोज टेलर, वय जेमतेम विशीचं. निजामाच्या फौजेत भरती झालेला, तिथून पोलिसात आलेला आणि राज्याच्या नैर्ऋत्य भागाचा बंदोबस्त पाहणारा. वाटसरूंचे खून करून प्रेतं पुरून टाकणाऱ्या टोळ्या या मुलखात वावरत आहेत, असा संशय त्याला आला होता. छडा लागण्याआधीच त्याला पलटणीत परत बोलावलं गेलं. थोडा वेळ मिळाला असता तर ठगांचं प्रकरण आपणच पहिल्यांदा उजेडात आणलं असतं, ही हळहळ त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवून ठेवली.

ते श्रेय विल्यम स्लीमनच्या पदरात पडलं. जबलपूर भागात स्लीमनने पकडलेल्या माणसांपैकी काहींना माफीचे साक्षीदार केलं. गळ्यातला फास टळावा म्हणून ते बोलू लागले. एकाने दहा नावं घ्यायची, त्या दहांतल्या दोघांनी आणखी वीस घ्यायची. स्लीमनने या नावांच्या वंशावळी तयार केल्या. कुणाचा बाप कोण, सासरा कोण, कोण कुणाच्या टोळीत फिरला, हे कागदावर मांडलं. पुढे कुणी हाती लागला की त्याचं नाव या कागदात सापडतं का, एवढं पाहिलं जाई.

जुन्या पद्धतीच्या न्यायालयात अशा पुराव्यावर शिक्षा होणं अवघड होतं. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसाला आरोपीनेच मारलं, हे तिथे दाखवावं लागे. म्हणून कायदाच बदलला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठरवलं की एखादा माणूस ठगांच्या कोणत्याही टोळीत कधीकाळी होता एवढं सिद्ध झालं तरी त्याला जन्मभर सक्तमजुरी. टोळीत असणं कायदा होण्याआधीचं असलं तरी चालेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या हद्दीबाहेरचं असलं तरी चालेल. त्याने काय केलं हा प्रश्न मागे पडला. तो कुणापैकी आहे, हा पुढे आला.

वाटांवर खून होत होते यात शंका नाही. विहिरींतून आणि आमराईंतून हाडं निघाली होती, घरी न परतलेल्या वाटसरूंची कुटुंबं खरी होती. पण शिक्षा झालेल्यांपैकी खरे खुनी किती आणि कुणाच्या तरी तोंडून नाव निघालं म्हणून अडकलेले किती, याची वर्गवारी कुणी केली नाही. राधिका सिंघा आणि किम वॅग्नर या इतिहासकारांनी या मोहिमेची कागदपत्रं नव्याने वाचली तेव्हा माफीच्या साक्षीदारांवरचा हा भार ठळकपणे पुढे आला. ज्याचा जीव इतरांची नावं घेण्यावर अवलंबून आहे, त्याच्या शब्दावर किती विसंबायचं, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता.

टेलरने मात्र या साक्षीदारांकडून कादंबरी उचलली. पुढे हैदराबादेत त्याने ठगांचे जबाब स्वतः ऐकले होते. १८३९ मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा नायक अमीर अली हा माफीचा साक्षीदारच आहे आणि सगळी कथा तो एका साहेबाला सांगतो. पुस्तक हातोहात खपलं. हिंदुस्थानात काही जमाती जन्मानेच गुन्हेगार असतात, ही समजूत विलायतेतल्या घराघरांत पोचवण्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे. टेलर स्वतः त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मानाने रयतेशी आपुलकीने वागणारा माणूस होता, म्हणून हे अधिकच टोचतं.

१८५३ मध्ये तो पुन्हा इकडे आला. निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला आणि टेलर नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर झाला. बोरी नदीवर बांध घालून आत पाणीमहाल बांधलेला तो किल्ला आजही पावसाळ्यात लोक पाहायला जातात. तिथून टेलरने आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या बऱ्याच भागाचा कारभार चार वर्षं चालवला. १८५७ मध्ये तो वऱ्हाडात गेला, १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला. त्याची ‘तारा’ ही कादंबरी १८६३ सालची, आणि तिच्यातही तुळजापूर आहेच.

ठगांवरच्या कायद्यातला विचार मात्र मागे राहिला आणि पसरला. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आता एका माणसाची टोळी सिद्ध करायचीही गरज उरली नाही. सरकारने राजपत्रात जमातीचं नाव छापलं की त्या जमातीतला प्रत्येक जण नोंदीत आला. म्हातारा असो, काल जन्मलेलं पोर असो. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात आलेला हा कायदा १९११ च्या नव्या रूपात मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू करता येऊ लागला आणि नोंद झालेल्यांचे बोटांचे ठसे घेणं सुरू झालं. १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र बांधला गेला.

त्या १८७१ च्या कायद्यातलं एक कलम आजच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. जमातीला गुन्हेगार ठरवणारी अधिसूचना योग्य की अयोग्य, हे कोणत्याही न्यायालयाला तपासता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. निकाल आधीच लागलेला, तोही खटल्याशिवाय, आणि तो पुन्हा उघडण्याची वाट कायद्यानेच बुजवलेली. माणसाने दाद मागायची तर कुणाकडे?

धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे इंग्रजांचा हा कायदा इथे थेट चालत नव्हता. पण तुळजापूरहून सोलापूर पंचेचाळीस किलोमीटरवर. पारधी, कैकाडी, वडार, उचल्या, मांगगारुडी यांच्या वाटा राज्यांच्या सीमा पाहून ठरत नव्हत्या. सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणाआड मुंबई इलाख्यातली एक मोठी सेटलमेंट उभी राहिली. तिथली माणसं दिवसा कापडगिरण्यांत राबायची आणि ठरल्या वेळी आत परतायची. रजेशिवाय बाहेर दिसला तर तोच गुन्हा. मुंबई इलाख्याचा पोलीसप्रमुख मायकेल केनेडी याने १९०८ मध्ये पोलिसांसाठी एक जाडजूड पुस्तक काढलं होतं. त्यात एकेका जमातीची पेहरावासकट, बोलीसकट, चोरीच्या पद्धतीसकट ओळख करून दिलेली होती. वस्तीवर धाड घालायला निघालेल्या शिपायाला संशय घेण्याची गरजच पडू नये, अशी ती सोय होती.

या नजरेखाली बालपण कसं जातं, हे मराठीत लिहिलं गेलं ते लातूरजवळच्या धनेगावच्या एका मुलाने. लक्ष्मण गायकवाड जन्मले तेव्हा लातूर हा उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला तालुका होता. वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्यांचं ‘उचल्या’ १९८७ ला आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोलिसांकडे हजेरी देणारी म्हातारी माणसं, रात्री घरात घुसून घेतल्या जाणाऱ्या झडत्या, चोरी कुठेही होवो, मार मात्र ठरलेल्या घराला, हे सगळं त्यात आहे. हजेरी हा साधा प्रकार नाही. हजेरी असलेल्या माणसाला परगावी मजुरीला जाता येत नाही, सोयऱ्याच्या लग्नाला थांबता येत नाही, आजारी पोराला घेऊन दूरच्या दवाखान्यात जाता येत नाही. आणि एकदा चुकली की पोलिसांना हवं असलेलं कारण मिळतं. मग पोटासाठी चोरीच उरते, आणि चोरी केली की सगळी जमातच तशी, असं म्हणायला गाव मोकळं.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. भटके विमुक्त तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. तरी त्याची जागा सराईत गुन्हेगारांवरच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा १९५९ मध्ये झाला. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतून विमुक्त जमातींवरचा जुना शिक्का पुसायला २०२४ उजाडावं लागलं. सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबरला तसा निकाल दिला. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत १९९३ पासून पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त मुलांसाठी निवासी शाळा चालते. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती माळरानावर उभी केली. आईबाप तुरुंगात किंवा पोलिसांच्या भीतीने परागंदा, अशी मुलं तिथे आली. टेलरच्या तुळजापुरापासून ही शाळा फार दूर नाही.

कायदा रद्द झाला म्हणून नजर रद्द होत नाही, याचा दाखला मराठवाड्यातल्याच सहा माणसांनी सोसला.

५ जून २००३ च्या रात्री नाशिक परिसरात शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबावर टोळी तुटून पडली. पैसे, दागिने लुटले, पाच जणांना ठार केलं, बायकांवर अत्याचार केले. घटना इतकी भयानक होती की आरोपी लवकर सापडावेत म्हणून पोलिसांवर मोठा दबाव असणार, हे कुणालाही समजतं. पुढे जालना जिल्ह्याच्या भोकरदन भागातले, भटक्या जमातीतले, मजुरी करणारे सहा जण पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी ही सवलतही काढून घेतली. सहाही जण पुन्हा फाशीच्या दोरासमोर.

त्याच खटल्याच्या कागदपत्रांत एक गोष्ट पहिल्यापासून पडून होती. हल्ल्यातून वाचलेल्या, जखमी झालेल्या बाईला घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांनी दाखलेबाज गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातले चार चेहरे ओळखले. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते. त्या चौघांचं पुढे काय झालं? त्यांना अटक झाली नाही, त्यांच्यावर खटला चालला नाही, आणि का चालला नाही याचं उत्तर सरकार पक्षाला देता आलं नाही. ही नोंद तीन न्यायालयांच्या टेबलांवरून गेली. शेवटी ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या खंडपीठाने ती वाचली, तिचा अर्थ लावला आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं. गरीब भटक्या जमातीतल्या माणसांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, हे न्यायालयाने निकालातच लिहिलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्या आणि तपासात कुचराई करणाऱ्यांवर कारवाई करा, असा आदेशही सरकारला दिला. सहा जणांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी सुनावल्यानंतर काही वर्षांनी सिद्ध झालं.

जवळपास सोळा वर्षं. आणि सुटका झाली ती कशी? २००९ मध्येच, अवघ्या दोन आठवड्यांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने बरियार खटल्यात म्हटलं की काही फाशीच्या शिक्षा चुकीच्या निकालाचा आधार घेऊन दिल्या गेल्या आहेत. या केसमधल्या फाशीलाही तोच आधार होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी अशा कैद्यांच्या वतीने राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. २०१४ मध्ये, फाशीच्या कैद्यांच्या फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकाव्यात, असा निकाल आला. त्या निकालामुळे २०१८ मध्ये हा खटला पुन्हा ऐकायला घेतला गेला. म्हणजे हे सहा जण वाचले, कारण त्यांना फाशी झाली होती. समजा २००९ मध्ये सगळ्यांना जन्मठेप झाली असती, तर त्यांची फेरविचार याचिका बंद दाराआड, कागदावरूनच निकाली निघाली असती. ते आज कुठल्या बराकीत असते, हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडातही असंच झालं. फाशी सुनावलेल्या एका कैद्याचं वय गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचं होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केलं. तोवर अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. पुरावा होता राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात. तो कैद्याने कोठडीत बसून कसा आणायचा?

आपल्या व्यवस्थेत निकालानंतरचे मार्ग आहेत: अपील, फेरविचार, क्युरेटिव्ह याचिका, राज्यपाल किंवा राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. पण यातला एकही मार्ग तपास करत नाही. न्यायालयं समोर ठेवलेले कागद वाचतात. शाळेचं रजिस्टर शोधायला, अल्बममधल्या चार माणसांचा ठावठिकाणा काढायला, जुने ठसे पुन्हा तपासायला पाठवण्याचं काम कुणाकडेच नाही. पैसेवाल्यासाठी ते वकील करतात. कळंबच्या पालावरल्या माणसाला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठच लांब पडतं, दिल्ली तर फारच दूर.

गंमत अशी की जमातींच्या नोंदींना न्यायालयाचा हात लागू नये म्हणून कायदा करणाऱ्या ब्रिटनलाच स्वतःच्या घरात हे शिकावं लागलं. १९७४ च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांसाठी सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. मारहाणीतून घेतलेले कबुलीजबाब आणि सदोष रासायनिक चाचण्यांवर ती उभी होती. तेही सोळा वर्षांनी, १४ मार्च १९९१ रोजी सुटले. त्याच दिवशी सरकारने रॉयल कमिशन जाहीर केलं. त्यातून १९९५ चा कायदा झाला आणि १९९७ च्या एप्रिलपासून बर्मिंगहॅममध्येच क्रिमिनल केसेस रिव्ह्यू कमिशन कामाला लागलं. कैद्याने अर्ज करायचा, वकील लागत नाही, फी लागत नाही. आयोग पोलिसांकडून आणि सरकारी खात्यांकडून कुठलीही फाईल मागवू शकतो, नवा तपास करवून घेऊ शकतो. शिक्षा रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही. पण निकाल टिकणार नाही अशी खरी शक्यता दिसली की तो खटला अपील न्यायालयाकडे पाठवतो आणि न्यायालयाला तो ऐकावाच लागतो. स्कॉटलंड, नॉर्वे आणि २०२० मध्ये न्यूझीलंड यांनी हीच वाट धरली. कॅनडाने डिसेंबर २०२४ मध्ये तसा कायदा केला.

हे आयोगही चुकतात. अँड्र्यू माल्किन्सन या माणसाने बलात्काराच्या खोट्या आरोपाखाली सतरा वर्षं भोगली, आयोगाने त्याचे अर्ज आधी फेटाळले होते. २०२३ मध्ये डीएनएने तो निर्दोष ठरला आणि पुढे आयोगाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. पण चूक कुणाची, हे तिथे नावानिशी विचारता आलं. आपल्याकडे ते विचारायला पत्ताच नाही.

भारतात विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपला २७७ वा अहवाल दिला. खोट्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून कायद्याने ठरवलेली विशेष न्यायालयं असावीत, असं त्यात सुचवलं आहे. सूचना चांगली आहे, पण ती निर्दोष सुटल्यानंतरची. अजून आत असलेल्यांना बाहेर कोण काढणार, याचं उत्तर त्या अहवालात नाही. संपूर्ण अधिकारांचा आयोग संसदेच्या कायद्याशिवाय होणार नाही. पण महाराष्ट्राला तोवर थांबायचं कारण नाही. शिक्षा कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दिला आहे आणि राज्यपालांना घटनेच्या १६१ व्या कलमाने. या अधिकारांना सल्ला देण्यासाठी निवृत्त न्यायाधीश, न्यायवैद्यक तज्ज्ञ आणि तपासाचा अनुभव असलेले पण गृहखात्याच्या हाताखाली नसलेले अधिकारी अशी कायमची समिती राज्य आजही नेमू शकतं. भटक्या-विमुक्तांवरचे खटले तिने आधी हाती घ्यावेत.

धाराशिव जिल्ह्यातून विधानसभेवर चार आमदार जातात: धाराशिव, तुळजापूर, उमरगा आणि परांडा. नागपूरच्या नाहीतर मुंबईच्या अधिवेशनात ही मागणी पहिल्यांदा त्यांच्यापैकी कुणीतरी मांडावी, आणि मतदारांनी त्यांना ती मांडायला लावावी.